पानं पिवळी, पाणी जड आणि लव्हाळा हटेना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : मे महिना

यंदा आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट ‘कोणतं औषध मारू?’ असा आहे. सोलापूरच्या बागेत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं आमचं ठाम मत आहे. इथली माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, वर्षभराचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर. झाडांची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात आणि ती बाटलीतल्या औषधानं जात नाहीत. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात आधी काय बघायचं ते सांगितलं आहे, फवारणी त्यानंतर.

कुंडीतल्या मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कळ्या बारीक येतात. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो. पाणी बोअरचं. शेणखत घातलं, युरियाही घातला, काही फरक नाही. (होटगी रोड, सोलापूर)

पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे ते तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. युरियानं फायदा झाला नाही तो यामुळेच. उलट नवी फूट जोरात आली आणि आहे ते लोह आणखी पानांत वाटलं गेलं.

मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. घरच्या घरी खात्री करून घ्या. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन माती फसफसली, कान जवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली, तर चुना भरपूर आहे. काठावरचा पांढरा थर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा आहे.

लवकर गुण येण्यासाठी लोह पानांतून द्या. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. आधी लिंबूसत्त्व विरघळवा, मग हिराकस टाका. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे, तपकिरी झालं तर फेकून द्या. हिराकस घेतानाही खडे हिरवे आहेत ना ते बघा. गंजासारखी पिवळी-तपकिरी पूड झालेली असेल तर घेऊ नका. फवारणी ऊन उतरल्यावर करा, ८-१० दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. उमललेल्या फुलांवर डाग पडतात, म्हणून फुलं आधी तोडून घ्या.

हिराकस नुसतं मातीत टाकण्यात अर्थ नाही. चुनखडीच्या मातीत थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो आणि झाडाला ते मिळत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं लोह चिलेट घ्या आणि १२ इंची कुंडीला २ ग्रॅम लिटरभर पाण्यातून द्या. दुकानात बहुधा ईडीटीए पुढे करतात. ते स्वस्त असतं, पण आपल्या इतक्या सामूला टिकत नाही. ओळख सोपी आहे : ईडीडीएचए पाण्यात टाकलं की पाणी गडद लाल होतं.

राहिला क्षारांचा प्रश्न. क्षार धुऊन काढायला कुंडीतल्या मातीच्या दुप्पट पाणी वरून सोडून खालून जाऊ द्यावं लागतं, म्हणजे १२ इंची कुंडीला २५-३० लिटर. मे महिन्यात एवढं पाणी कुठून आणणार? म्हणून जूनची वाट बघा. पहिला चांगला पाऊस आला की कुंडी दोन विटांवर, उघड्या आभाळाखाली ठेवा आणि बुडाचं भोक काडी घालून मोकळं करा. पाऊस ते काम फुकट आणि जास्त चांगलं करतो. तोवर काठावरचा थर आणि वरची इंचभर माती खरवडून टाका, त्या जागी गांडूळखत भरा. छाटणी आत्ता करू नका, मोगऱ्याची मुख्य छाटणी डिसेंबर-जानेवारीत.

आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडांना चालतं का? (विजापूर रोड, सोलापूर)

कुंड्यांना नको. गाळताना वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, म्हणजे आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं. फरशी, बाथरूम, गाडी धुवायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बादलीत जरूर साठवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून मोगरा, गुलाब, जास्वंदाला ते उत्तम. मात्र केवळ त्यावरच झाड ठेवलंत तर खत नियमित द्यावं लागेल.

अंगणात भगवा डाळिंबाचं एक झाड आहे, सहा वर्षांचं. गेल्या पावसाळ्यात फळांवर काळे तेलकट डाग आले, डागांवर फळं तडकली. शेजारी म्हणतात तेल्या आहे, झाड काढून टाका. काढावं का? (जुळे सोलापूर)

काढू नका. आधी तेल्याच आहे का ते बघा. डाग असलेलं पान तोडून उजेडाकडे धरा. डागाभोवतीचा भाग तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसला, तर तेल्या. फळावर डाग काळा, थोडा उठलेला असतो आणि त्याच्यावर इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ आकाराची भेग पडते. बुरशीचे ठिपके कोरडे असतात, भोवती तेलकट कडा नसते. फळाच्या फक्त पश्चिमेकडच्या बाजूला तपकिरी चट्टा असेल तर तो उन्हाचा चटका, रोग नव्हे. आणि डाग नसताना फळं तडकत असतील तर बहुतेक वेळा कारण पाण्याचं असतं : आठ दिवस कोरडं आणि एक दिवस भरपूर.

तेल्या हा जिवाणूमुळे होतो. उष्ण, दमट हवेत तो झपाट्यानं वाढतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून पानापानावर पसरतो. पडलेल्या पानांत आणि फळांत तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे पुढच्या पावसाचा रोग आत्ता तुमच्या झाडाखालच्या पालापाचोळ्यात बसलेला आहे. तो सगळा झाडून घ्या, झाडावर वाळलेली फळं असतील तर तोडा आणि हे सगळं जाळा किंवा खोल पुरा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

फांद्यांवर काळे खोलगट डाग असतील तर डागाच्या खाली दोन इंच निरोगी लाकडावर कापा. या उन्हात याहून जास्त छाटू नका, उघडी पडलेली खोडं भाजतात. प्रत्येक कापणीनंतर कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. घरगुती ब्लीच साधारण पाच टक्क्यांचं असतं, त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग. काम झालं की कात्री धुऊन, पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर गंजेल. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, पाणी १ लिटर.

मग पावसाआधी, मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बादली नको, प्लास्टिकच्या दोन घ्या. एकीत ५ लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा. खडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात टांगले तर लवकर विरघळतात. दुसरीत चुना थोड्या पाण्यानं भिजवून फोडा, थंड होऊ द्या, ५ लिटर करा आणि गाळा. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओता, सतत ढवळत. उलट करू नका, मिश्रण फाटतं आणि साका तळाला बसतो. रंग आभाळी निळा आला पाहिजे. आता घासून स्वच्छ केलेलं लोखंडी पातं मिनिटभर त्यात धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे आणि ते पानं जाळेल. थोडी निवळी आणखी घाला आणि पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नाही. चुना जुना, हवेत फुटून पीठ झालेला असेल तर त्याचा जोर गेलेला असतो. बहुतेकांचं बोर्डो इथेच फसतं.

सगळ्यात महत्त्वाचं बहाराचं. अंगणातल्या झाडाला जून-जुलैत आपोआप फुलं येतात, तो मृग बहार. त्याची फळं ऐन पावसात वाढतात आणि तेल्याच्या तोंडी जातात. ही फुलं सगळी तोडून टाका. जिवावर येतं, पण तोडा. पावसाळाभर झाडाला विश्रांती द्या, उघडीप मिळेल तेव्हा १५-२० दिवसांनी बोर्डो द्या आणि फळं हस्त बहाराची घ्या. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, त्यामुळे झाडाला पूर्ण ताण, म्हणजे फुलं येण्याआधी लागणारा कोरडेपणा, बसत नाही. एकच झाड असल्यानं सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की हातानं पानं उतरवा, बारीक गर्दीच्या काड्या काढा, १०-१२ किलो शेणखत द्या आणि पाणी सुरू करा. ऑक्टोबरात फुलं येतील, फळं फेब्रुवारी ते एप्रिल, कोरड्या हवेत तयार होतील.

शंका राहिली तर डाग असलेली पानं कागदी पाकिटात घालून केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, वाटेतच कुजतात. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे अंगणातलं रोगट झाडसुद्धा शेजारच्या बागेला धोका असतं. तेव्हा एवढी मेहनत नुसती तुमच्या झाडापुरती नाही.

प्लॉटवर वांगी, टोमॅटो लावायचे आहेत, पण लव्हाळा आणि हरळी इतकी माजली आहे की उपटून उपटून हात दुखतात, आठ दिवसांत पुन्हा तेच. तणनाशक सुचवा. (अक्कलकोट रोड, सोलापूर)

ही दोन वेगळी तणं आहेत आणि त्यांचा इलाजही वेगळा आहे. बोटांत देठ फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. हरळीचं देठ गोल, जमिनीवर पसरणारं आणि पेरापेराला मुळं धरणारं.

लव्हाळ्याच्या जमिनीत काळ्या गाठी असतात, बारीक मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. वरचा शेंडा उपटला की जोड तुटतो आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणजे उपटणं हेच तो वाढण्याचं एक कारण. मात्र गाठीला कोरडेपणा सोसत नाही आणि आपल्या मे महिन्याइतकी कोरडी भट्टी दुसरी कुठली? पाणी पूर्ण बंद करा. कुदळीनं फूटभर खणा, ढेकळं उलटी करून ठेवा, हाताला येतील त्या गाठी वेचून जाळा. दहा-बारा दिवसांनी ढेकळं पुन्हा उलटा, असं दोन-तीनदा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर वाचलेल्या गाठी फुटतील. त्या दोन-तीन आठवड्यांच्या आत, खुरप्यानं नव्हे तर कुदळीनं, मुळासकट काढा. त्यापुढे थांबलात तर नव्या गाठी धरायला लागतात. यंदा वांगी-टोमॅटोची घाई न करता त्या जागी चवळी किंवा ताग दाट पेरला तर फार बरं. लव्हाळ्याला सावली मानवत नाही.

काळं प्लास्टिक अंथरून लव्हाळा दबेल असं समजू नका. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो प्लास्टिक भोसकून वर येतो. हरळीसाठी आणि तणांच्या वरच्या थरातल्या बियांसाठी मात्र पारदर्शक प्लास्टिक उपयोगी आहे. जमीन सपाट करून चांगली भिजवा, २५ ते ५० मायक्रॉनचा कागद ताणून जमिनीला चिकटवून अंथरा, कडा मातीत पुरा आणि चार ते सहा आठवडे हलवू नका. फुगा राहिला किंवा माती कोरडी असली तर उष्णता खाली उतरत नाही.

तणनाशक घरच्या भाजीच्या प्लॉटवर आम्ही सुचवत नाही. लव्हाळ्यावर चालणारं हॅलोसल्फ्युरॉन ऊस, मका यांसारख्या पिकांसाठी आहे, वांगी-टोमॅटोला त्यानं इजा होऊ शकते. निंदताना घोळ, तांदुळजा मिळाला तर तो वेगळा काढा. फवारा न मारलेल्या जमिनीतली ती चांगली पालेभाजी आहे.

गच्चीवरच्या मिरचीची पानं आक्रसून गोळा होतात. बोकड्या म्हणतात तो हाच का? (बार्शी)

बोकड्या, चुरडामुरडा, नावं बरीच, पण कारणं तीन आणि इलाज तीन. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं पान झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबलं आणि पान अरुंद, जाडसर झालं तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. शेंड्याची पानं बारीक, पिवळट, झुपक्यात आली, पेरं आखूड झाली आणि झाडाची वाढच थांबली तर विषाणू. तो पांढऱ्या माशीबरोबर येतो.

शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा टिचकीनं हलवा. पिवळसर-तपकिरी, रेघेएवढे बारीक किडे कागदावर धावले तर फुलकिडे. मे महिन्यात बहुधा हेच निघतील. एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता साधा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून, सात दिवसांनी पुन्हा. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर लावा, पांढऱ्या माशीसाठी पिवळे. कोळी असेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. पण पारा ३५ च्या वर असताना गंधक मारलंत तर पानं करपतील. तेल आणि गंधक यांत निदान तीन आठवड्यांचं अंतर हवं. विषाणूचं झाड बरं होत नाही. पिशवीत घालून उपटा म्हणजे माशी उडून शेजारच्या झाडावर बसणार नाही.

जास्वंदावर पांढरा कापूस आला आहे, मुंग्याही खूप आहेत. (पंढरपूर)

पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात, त्याला राखतात आणि पिल्लांना नव्या फांद्यांवर नेऊन सोडतात. म्हणून आधी मुंग्या तोडा : खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, ग्रीस थेट सालीला नको. फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी झाड पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. मग लिटरला ५ मिली निंबतेल आणि ५ ग्रॅम साधा साबण, दर आठवड्याला एक असं तीन वेळा. एकदाच मारून थांबलात तर कापसातली अंडी वाचतात आणि पुन्हा तेच. फवारण्याआधी एक नीट बघा. पिठ्यासारखाच पांढरा, पण मोठा, लांब झिपऱ्यांचा आणि झपाझप चालणारा किडा दिसला तर तो ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी आहे. ती पिठ्या ढेकूण खाते. असल्या फांद्या सोडून द्या.

लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलं आहे आणि पानं कुरतडली जातात. (माढा)

ती फुलपाखराची अळी आहे, मोठी झाली की हिरवी होते. कढीपत्त्यावरही येते. रोप लहान असेल तर हातानं वेचा, औषधाची गरज नाही. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गच्चीवरच्या कुंड्या उन्हाळ्यात कशा जगवायच्या? (सोलापूर शहर)

आधी ऊन तोडा, मग पाण्याचा हिशेब करा. ५० टक्क्यांची शेडनेट पुरे, ७५ टक्क्यांच्या नेटखाली भाजीपाला लांबट, लुळा होतो. नेट झाडांच्या दीड-दोन फूट वर बांधा आणि पश्चिमेची बाजूही झाका, दुपारनंतरचं तिरकं ऊनच जास्त मारतं. कुंड्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर, एकमेकींना चिकटून ठेवा. मातीवर दोन इंच उसाचं पाचट किंवा वाळका पाला घाला. पाणी पहाटे, खालून थेंब निघेपर्यंत. पुढचं पाणी बोट दोन इंच घालून कोरडं लागलं तरच. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ते आपोआप उभं राहिलं तर मुळाशी ओल आहे. पाणी साठवायच्या पिंपाला जाळी किंवा घट्ट झाकण हवंच, डास होऊ नयेत म्हणून. या महिन्यात रासायनिक खत बंद ठेवा.

वृंदावनातली तुळस दरवर्षी वाळते. (मोहोळ)

तीन कारणं तपासा. रोज तांब्याभर पाणी आणि वृंदावनाला खाली भोक नाही, तर मुळं कुजतात. पूजेचं पाणी वेगळ्या कुंडीत सोडा. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर झाड बी धरतं आणि आटोपतं. मंजिरी निघाली की दोन पानांसकट खुडा. पानं चुरगळून खाली काळे ठिपके दिसत असतील तर जाळीदार पंखांचे बारीक काळे ढेकूण आहेत. अशा फांद्या कापा आणि खालून निंबतेल फवारा. फवारल्यावर आठवडाभर त्या झाडाची पानं तीर्थात, काढ्यात घालू नका. शिवाय तुळस दोन-तीन वर्षांचंच झाड आहे, दर पावसाळ्यात एक नवं रोप तयार ठेवा.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजतं, घरात सगळ्यांना शिंका आणि खाज. मीठ मारलं तर जाईल का? (कुर्डुवाडी)

लिटरला २०० ग्रॅम मिठाचं पाणी फुलोऱ्याआधी मारलं तर गवत करपतं हे खरं, पण आपली जमीन आधीच क्षारांची आहे, तिच्यात आणखी मीठ नको. १९५५ मध्ये पुण्यात आढळलेलं हे गवत आज सगळीकडे आहे ते त्याच्या बियांमुळे. एक झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून दिवस महत्त्वाचा : पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत, फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल. ज्यांना खाज येते त्यांनी हे काम करू नये. फुलाआधी उपटलेलं कंपोस्टला चालतं, फुलावर आलेलं नाही. मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्या पावसातच तरोट्याचं बी फेका, तो दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही. पानं खाणारे पिवळसर, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर तिथे काहीही फवारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे गाजरगवतासाठीच देशात आणले गेले आहेत. ओंजळभर भुंगेरे डब्यात भरून, झाकणाला भोकं पाडून, दुसऱ्या प्लॉटवर सोडले तरी चालतात.